रान साडेचार एकर, तारण शून्य : औसा तालुक्यातल्या एका परदेशी प्रवेशाचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबातली मुलगी ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला दाखल झाली. तिची हुशारी हा या लेखाचा विषय नाही. ती नांदेडला इंजिनिअरिंग करताना सिद्ध झाली होती. विषय आहे पैशाचा. प्रवेश मिळण्याच्या किती आधी पैशाचे कागद हलवायला लागतात आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याकडे संपत्ती असूनही ती बँकेला का दिसत नाही, हे या प्रकरणात अगदी उघडं पडलं. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आणि आता लातूरला लोकांच्या फायली बघून देतो. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरची परिस्थिती

वडिलांच्या नावावर साडेचार एकर कोरडवाहू. खरिपात सोयाबीन, पाऊस बरा झाला तर रब्बीला हरभरा. आई घरची शेती बघते आणि बचत गटात आहे. मुलगी थोरली, धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत. गावठाणात स्वतःचं घर. डोक्यावर पीककर्ज, तेही दरसाल नवं-जुनं होणारं. थकबाकीदार म्हणून कुठे नाव नाही.

मुलीला सातव्या सत्रात असतानाच जर्मनी ठरवायची होती. कारण सरळ होतं : तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नाही. सत्राला काहीशे युरोंचं योगदान भरायचं, बास. अपवाद आहेत आणि ते माहीत असायला हवेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावले. म्हणजे ‘जर्मनीत फुकट’ हे वाक्य विद्यापीठाचं नाव कळल्याशिवाय कुणी उच्चारू नये.

पण शुल्क नाही म्हणजे पैसा लागत नाही, असा समज वडिलांचा झाला होता. व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच एका अडकवलेल्या खात्यात, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिकडे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात येतात. युरो ९८ रुपये धरला तर ११ लाख ६६ हजार. वडिलांना हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, फुकट म्हणलं होतं की ओ तिनं.” मुलगी खोटं बोलली नव्हती. फीचं तिने सांगितलं होतं, पोटाचं राहून गेलं होतं.

दोन आकड्यांमधला फरक

अर्जांच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, ते काम तिने स्वतः केलं. भारतीय पदव्यांची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाला सक्तीचं आहे. त्याचे १८,००० रुपये भरून कागद २०२४ च्या सप्टेंबरमध्येच दिल्लीला गेले. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा पुण्याला दिली. सहा अर्ज केले. त्यातले चार युनि-असिस्टमधून, म्हणजे अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, गेले. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो, म्हणजे १६५ युरो झाले.

एक गोष्ट मात्र जवळून सांगण्यासारखी आहे. जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या मापात बदलून घेतात. सूत्र असं : कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणून त्यात एक मिळवायचा. जितका आकडा कमी तितका चांगला. मुलीचा सीजीपीए दहापैकी ८.१. संभाजीनगरच्या एका एजन्सीने तिचा हिशेब करून दिला तेव्हा किमान गुण ५ धरले आणि आकडा आला २.१४. तिच्या यादीतल्या एका अभ्यासक्रमाची अट २.० होती, म्हणून एजन्सीने तो यादीतून काढायला सांगितलं. तिने गुणपत्रिकेच्या मागचा तक्ता बघितला. पास होण्याची सगळ्यात खालची श्रेणी ४ गुणांची होती. तसा हिशेब केला तर १.९५. तिने कॉलेजच्या परीक्षा विभागातून ‘किमान उत्तीर्ण गुण ४’ असं शिक्क्यानिशी पत्र आणलं आणि अर्जासोबत जोडलं. शेवटी प्रवेश मिळाला तो याच अभ्यासक्रमाला.

ही एजन्सी ‘मार्गदर्शन फुकट’ म्हणायची. घरच्यांना ते देवमाणूस वाटले. त्यांनी बर्लिनमधल्या एका खासगी संस्थेचं प्रवेशपत्र आठवड्याच्या आत आणून दिलं. दोन वर्षांची फी २४ हजार युरो, म्हणजे साडेतेवीस लाख रुपये, राहण्याचा खर्च वेगळा. अशा संस्था विद्यार्थी आणून देणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या फीतून कमिशन देतात. सरकारी विद्यापीठं काही देत नाहीत. मग एजन्सीच्या यादीत सरकारी विद्यापीठ वर कसं येणार? वडील अर्धा एकर विकायला निघाले होते, गिऱ्हाईकही बघितलं होतं. मुलीने थांबवलं आणि त्यानंतर ते दोघं माझ्याकडे आले. कमिशन घेणं बेकायदेशीर नाही, हे मला मान्य आहे. पण समोरच्याला ते न सांगता त्याचं रान विकायला लावणं मला अजिबात मान्य नाही, आणि हे मी तेव्हाही मोठ्याने बोललो.

तारण

फाईल माझ्याकडे आली डिसेंबर २०२४ मध्ये. साधारण अंदाज काढला : दोन वर्षांचा राहण्याचा खर्च, विमा, विमानभाडं, तिकडच्या खोलीचं डिपॉझिट मिळून २५ लाख. परदेशी शिक्षणाला बँका पंधरा टक्के मार्जिन मागतात, म्हणजे पावणेचार लाख घरचे आणि २१ लाख कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण हवं.

वडिलांनी सातबारा पुढे केला. आमच्याकडे हाच कागद घरातला सोन्यासारखा जपलेला कागद असतो. तालुक्याच्या शाखेतल्या अधिकाऱ्याने तो न बघताच परत सरकवला, आणि त्यामुळे वडिलांचा फार अपमान झाला. “साडेचार एकर रान हाय, त्याला किंमत न्हाई का?” हा त्यांचा प्रश्न मी कितीतरी शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. उत्तर देणं शाखेचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही, म्हणून इथे देतो. कर्ज बुडालं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला. त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याचं रान सहजासहजी लिलावात जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण तिचा दुसरा परिणाम असा की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका घेत नाहीत. पीककर्जाला तीच जमीन चालते, कारण ते प्रकरणच वेगळं.

मग घर. गावठाणातल्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. पॅनलवरच्या वकिलांनी एका ओळीत नकार लिहिला. केंद्राच्या स्वामित्व योजनेतून २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत. या गावात मोजणी झाली होती, पण या घराची सनद घ्यायला कुणी गेलं नव्हतं. इतकी वर्षं राहिलेलं काम पंधरवड्यात उरकत नाही, म्हणून ते बाजूला ठेवलं.

उरला मामांचा लातूरचा प्लॉट. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या आयकराचा दाखला, हा या फाईलचा कणाच, कारण वडिलांचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रही नाही. मामा सहकर्जदार व्हायला एका शब्दात तयार झाले. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती झालेला, लेआउट मंजूर. पण सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, वारस नोंद कुणी लावलीच नव्हती.

इथे शाखेने जो सल्ला दिला तो आपल्याकडे सर्रास दिला जातो : “बहिणींचं हक्कसोड करून घ्या, एकट्याच्या नावावर करा, म्हणजे सोपं पडतं.” मी याला कडाडून विरोध केला. प्लॉट आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आजी, मामा, मुलीची आई आणि मावशी हे चौघेही सारखे वारस. एका लेकीच्या शिक्षणासाठी दोन लेकींचा हक्क कायमचा काढून घ्यायचा, हा कुठला हिशेब? बँकेला हवी असते ती निर्वेध मालकी आणि सगळ्या मालकांच्या सह्या. मालक चार असले तर चौघांनी गहाणखतावर सही करायची. शाखेला सोपं पडावं म्हणून कुटुंबाने हक्क सोडायचे नसतात.

वारस नोंदीचा अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तलाठ्याकडे गेला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नोटीस निघून हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. कागदावर महिन्याचं काम. प्रत्यक्षात मृत्यू दाखल्यावर आजोबांचं नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं निघालं. घरच्या हाकेचं नाव जुन्या काळी कागदावर चढलेलं. प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलांचा दाखला, पुन्हा अर्ज. फेरफार हातात पडला मार्चच्या अखेरीला.

सहीच्या आधी मी चौघांना एकत्र बसवलं. मावशींनी विचारलं, “हप्ते थकले तर प्लॉट जाईल ना?” मी हो म्हणालो. कर्ज थकलं तर हा प्लॉट विकला जाऊ शकतो आणि त्यात तुमचाही हिस्सा जाईल, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले, नवऱ्याशी बोलल्या आणि सही केली. जामीनदाराला हे न सांगता सही घेणारे लोक मी नोकरीत बघितले आहेत. अशा सह्यांतून पुढे भाऊबंदकी उभी राहते.

मागच्या तीस वर्षांची मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन एप्रिलमध्ये झालं. सर्चमध्ये लेआउटच्या एका जुन्या खरेदीखताची प्रत सापडत नव्हती, ती दुय्यम निबंधक कार्यालयातून काढावी लागली. प्रवेशपत्र मेच्या मध्याला आलं आणि कर्जमंजुरी जूनच्या पहिल्या आठवड्यात. वारस नोंद प्रवेशपत्र आल्यावर सुरू केली असती तर मंजुरी सप्टेंबरात पडली असती. वर्ष गेलंच असतं.

शिष्यवृत्त्यांचं काय, हे सगळे विचारतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथीची शिष्यवृत्ती यांना जगातल्या विद्यापीठांच्या क्यूएस क्रमवारीतल्या पहिल्या दोनशेत असलेलं विद्यापीठ आणि आठ लाखांच्या आतलं उत्पन्न लागतं. या मुलीचं विद्यापीठ दोनशेत नाही. शिवाय पहिली अनुसूचित जातींसाठी आणि दुसरी मराठा समाजासाठी आहे, आणि ही मुलगी इतर मागास प्रवर्गातली. आखेन आणि बर्लिनची तांत्रिक विद्यापीठं दोनशेत बसतात, शुल्कही नाही; तिथे तिचे अर्ज होते, नंबर लागला नाही. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची, परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत करण्याची योजना आहे. तिथे अर्ज दिला आहे. वडिलांनी पेपरात वाचलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना मात्र देशातल्या निवडक संस्थांपुरतीच आहे, परदेशाला ती लागू नाही. जे. एन. टाटा एंडॉवमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी देतो. दोन्हीकडे वेळेत अर्ज करायचं राहून गेलं, कारण जानेवारी ते मार्च सगळं घर वारस नोंदीत अडकलं होतं.

जून महिना

जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. व्हिसाचा निकाल यायला आठवडे लागतात, म्हणून पैसे जूनमध्ये भरायला हवेत. आणि आपल्याकडे जून म्हणजे पेरणी. बी, खत, फवारणी, सगळा पैसा मातीत जातो. हातात काही यायचं ते दिवाळीला. बँक पहिल्या उचलीतही मार्जिन मागते : ११ लाख ६६ हजारांचे पंधरा टक्के, म्हणजे पावणेदोन लाख, शेतकऱ्याने ऐन पेरणीत रोख काढून द्यायचे.

याची तजवीज आम्ही हिवाळ्यातच केली होती. वडिलांनी ३८ क्विंटल सोयाबीन भाव वाढेल म्हणून घरात ठेवलं होतं. २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि लातूरच्या बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. मी त्यांना वाट बघू दिली नाही. हमीभाव केंद्रावर नोंदणी करून माल घातला, एक लाख ८५ हजार खात्यात आले आणि ते मुलीच्या नावाने सहा महिन्यांच्या ठेवीत टाकले. मोडायचे नाहीत, पोरीचे आहेत, असं आईने सगळ्यांना बजावलं. ती ठेव नसती तर सावकार होता. आमच्या भागात जूनमध्ये सावकार कुठल्या दराने पैसे देतो ते इथे कुणाला सांगायला नको.

पंधरा युरो

तालुक्याच्या शाखेला परकीय चलनाचा व्यवहार करता येत नव्हता. कागद संभाजीनगरला गेले. कर्जातून थेट पाठवल्यामुळे टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर, लागला नाही. घरच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलं असतं तरी १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही.

पैसे गेले ११,९०४ युरो. पोचले ११,८८९. मधल्या बँकेने पंधरा युरो कापून घेतले होते, कारण फॉर्मवर खर्च कुणाचा या रकान्यात शाखेने पाठवणारा आणि घेणारा यांच्यात वाटून अशी खूण केली होती. रक्कम पुरी नाही म्हणून खात्याची पुष्टी अडली. पुष्टीशिवाय व्हिसाची फाईल पुरी होत नाही, आणि मुंबईची तारीख आठ दिवसांवर. पंधरा युरोंसाठी पुन्हा तोच फॉर्म, तीच सही, तोच संभाजीनगरचा हेलपाटा. मुलगी स्वतः गेली आणि रकान्यात ‘सर्व खर्च पाठवणाऱ्याचा’ लिहून घेतल्याशिवाय काउंटरवरून हलली नाही. पन्नास युरो जास्तच पाठवले. पुष्टी तारखेच्या आदल्या दिवशी आली.

एवढी धास्ती असण्याला कारण होतं. व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नकार आला तर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात. व्हिसा ऑगस्टच्या शेवटी हातात आला.

आता

पहिल्या महिन्यात तिची ओढाताण झालीच. खोलीला तिथे तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागता येतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ च्या वर एक पै निघत नाही. विम्याचे महिन्याला सुमारे १४५ युरो वेगळे. यासाठी मामांनी ८० हजार वेगळे दिले होते, ते कामी आले.

कर्जाचा हप्ता अजून सुरू झालेला नाही. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत सूट आहे. पण व्याज चढतंच. पहिली उचल ९ लाख ९२ हजारांची. दहा टक्क्यांनी महिन्याला सव्वाआठ हजार. दरमहा भरणं शेतकऱ्याला जमत नाही, म्हणून दिवाळीला सोयाबीन विकल्यावर एकदम भरायचं असं ठरलं आणि पहिलं व्याज तसं भरलं गेलं. सगळे २१ लाख उचलले आणि पंधरा वर्षांची मुदत धरली तर हप्ता साडेबावीस हजारांच्या घरात जाईल.

विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो झालं. ती विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत आठवड्याला दहा तास काम करते, महिन्याला सहाशेच्या आसपास येतात. वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणाला पुन्हा वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवावी लागेल. त्यासाठी दुसरी उचल पूर्ण घ्यायची की पगारपत्रकं दाखवून निम्मीच घ्यायची, यावर बापलेकींची फोनवर चर्चा चालू आहे. मी निम्मी म्हणतो. वडील पूर्ण म्हणतात, म्हणजे तिला तिकडे काटकसर करावी लागू नये. गावठाणातल्या घराच्या सनदेसाठी त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे. धाकटा यंदा बारावीला आहे.